नदी अडली म्हणून वसलेलं गाव: ह्वांग होच्या काठचं छिखौ

व्यापारी गावं नदीकाठी का वसतात, याचं शाळेतलं उत्तर सोपं आहे: नदीतून माल नेता येतो म्हणून. चीनच्या शान्शी प्रांतातलं छिखौ वसलं ते तिथून पुढे नदीतून माल नेता येत नव्हता म्हणून. ही एक अडचण नीट समजून घेतली की गावाचे रस्ते, वखारी, देऊळ, सणातली गाणी, सगळ्याचा अर्थ लागत जातो. म्हणून सुरुवात नदीपासूनच करू.

ह्वांग हो, म्हणजे पीत नदी, उत्तरेकडे चढत जाते, चीनमधल्याच अंतर्गत मंगोलियाच्या कोरड्या प्रदेशाला वळसा घालते आणि मग काटकोनात वळून थेट दक्षिणेला येते. या दक्षिणेकडच्या टप्प्यात तिने सातशे किलोमीटरहून लांब खोल दरी कापली आहे. दरीच्या पूर्वेला शान्शी प्रांत, पश्चिमेला शाआन्शी. नावं इतकी सारखी की वाचताना गोंधळ व्हावा, म्हणून पुढे मी फक्त पूर्वतीर आणि पश्चिमतीर असं म्हणेन. छिखौ पूर्वतीरावर, लिन तालुक्यात आहे.

वरच्या वळणाचा प्रदेश, हथाओ, म्हणजे पाटाच्या पाण्यावर पिकणारं सुपीक मैदान. तिथे धान्य आणि जवस भरपूर. आसपासच्या गवताळ पट्ट्यातून लोकर आणि कातडी येत, खाऱ्या तळ्यांतून मीठ येई, शिवाय ज्येष्ठमधासारखी औषधी मुळं. इकडे पूर्वेला तैयुआन, फिंग्याओ, त्यापलीकडे पेकिंग आणि तिएनजिन, म्हणजे खाणारी, नेसणारी, पैसेवाली शहरं. हथाओतला माल त्या शहरांपर्यंत न्यायचा तर सगळ्यात स्वस्त वाट पाण्याची. होडी भरायची आणि प्रवाहात सोडून द्यायची. लाकडी सपाट तळाच्या होड्या येत, आणि मेंढ्यांच्या किंवा बैलांच्या अख्ख्या कातड्यांत हवा भरून बांधलेले तराफेही येत.

या वाटेवर छिखौपाशी पूर्वेकडून छ्यूश्वेई नावाची छोटी नदी ह्वांग होला मिळते. एरवी तिच्यात फारसं पाणी नसतं. पण हा सगळा प्रदेश लोएसचा आहे. लोएस म्हणजे वाऱ्याने लाखो वर्षं आणून टाकलेली पिठासारखी बारीक पिवळी माती. तिचे थर शेकडो फूट जाड. उन्हाळ्यात एक जोरदार पाऊस झाला की असे ओढे दगड आणि चिखल घेऊन सुटतात. विसाव्या शतकाच्या मध्याच्या मोजणीप्रमाणे ह्वांग हो वर्षाला सरासरी १६० कोटी टन गाळ वाहून नेत असे आणि त्यातला बहुतेक याच पठारावरचा होता. बारीक माती मुख्य नदी घेऊन जाते, मोठे दगडगोटे मात्र संगमावरच पडून राहतात. वर्षानुवर्षं ते साचत गेले, त्यांचा पंखा नदीच्या पात्रात पसरला आणि चारशे मीटर रुंद ह्वांग हो शंभर मीटरच्याही आत दाबली गेली. तेवढंच पाणी आता त्या चिंचोळ्या फटीतून, खडकांवरून, उतारावरून जायचं. या खळाळाचं नाव तातोंग छी.

भरलेली होडी त्यात घालणं म्हणजे माल आणि माणसं दोन्ही पणाला लावणं. तिथली वाट माहीत असलेले सुकाणूवाले निराळेच असत आणि होडी न्यायचीच झाली तर ते ती रिकामी नेत. समजा हा खळाळ पार केला, तरी पुढे दक्षिणेला हूखौचा धबधबा उभा. तिथे होड्या पाण्याबाहेर काढून जमिनीवरून ओढत न्याव्या लागत. मग शहाणा व्यापारी काय करेल? खळाळाच्या अलीकडे, जिथे पाणी संथ आहे तिथे होडी काठाला लावेल, माल उतरवेल आणि डोंगरातून पूर्वेला पाठवेल. छिखौ नेमकं त्या जागी आहे.

आता थोडा हिशोब करू, कारण गावाचं खरं रूप त्यातूनच समजतं. समजा एका होडीत पंधरा टन माल आहे. पूर्वेकडची वाट लोएसच्या घळी आणि खिंडींमधली, म्हणजे लादायची ती जनावरंच. दोन वशिंडांचा उंट दीडशे ते दोनशे किलो वाहतो, खेचर त्याहून कमी. म्हणजे एका होडीसाठी पंच्याहत्तर ते शंभर उंट. दिवसाला काही होड्याच लागल्या तरी किती जनावरं, किती हमाल, किती चारा, किती मुक्कामाच्या जागा लागतील, विचार करा.

त्यात आणखी एक पेच होता आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नदीचा हंगाम आणि उंटाचा हंगाम जुळत नाहीत. हिवाळ्यात वरच्या वळणाला ह्वांग हो गोठते, त्यामुळे होड्या चालतात वसंतापासून शरदापर्यंत. उंटाचं उलट. उन्हाळ्यात त्याचे केस गळतात, तो थकतो, त्याला कुरणात सोडावं लागतं. तो दमदार चालतो थंडीत. उन्हाळ्याचं काम खेचरं आणि गाढवं ओढत, पण सगळा बोजा त्यांना झेपणारा नव्हता. म्हणजे नदीने उन्हाळ्यात आणून टाकलेला माल महिनोन् महिने कुठेतरी कोरडा, थंड, उंदरांपासून आणि चोरांपासून सांभाळून ठेवायचा. छिखौचा धंदा मुख्यतः हाच होता. माल उतरवणं दिसतं, साठवणं दिसत नाही. पण गावाची श्रीमंती साठवणीतून आली.

साठवायला जागाही निसर्गाने सुचवलेली होती. लोएसमध्ये कमानदार गुहा कोरून राहणं हा या पठारावरचा फार जुना रिवाज. या गुहाघरांना याओतोंग म्हणतात. जाड मातीमुळे आत उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. छिखौच्या व्यापाऱ्यांनी हीच कमान दगडात बांधली, एकीशेजारी एक ओळीने, एका मजल्यावर दुसरा मजला चढवून. धान्य आणि तेल ठेवायला याहून चांगली कोठी नाही. गावात एक वाडा अजून ‘चाळीस गुहांचा वाडा’ म्हणूनच ओळखला जातो आणि तो मालासाठी बांधलेला होता.

इथल्या घराची ठेवण जवळून पाहण्यासारखी आहे. कमानींच्या पुढे लाकडी खांबांवर उतरतं छप्पर, म्हणजे एक लांब ओसरी. ओसरीखाली उंच दगडी जोतं. वर चढायला बाजूला पायऱ्या. पावसाचं पाणी आणि पुराचा चिखल जोत्याखालून जातो, मालाची पोती ओसरीत कोरडी राहतात. पाठीवरचा बोजा उतरवायलाही अशी उंच कड सोयीची. दुकानांना दारं म्हणजे उभ्या लाकडी फळ्या. सकाळी एकेक फळी काढून बाजूला ठेवली की अख्खी दर्शनी बाजू उघडी आणि रात्री क्रमाने परत खाचेत बसवायच्या.

मुख्य रस्ता नदीला धरून वळत वळत जातो. त्याचे तीन भाग आणि प्रत्येकाचं काम वेगळं होतं. होड्या लागत त्या बाजूला, पश्चिमेच्या भागात, मोठ्या वखारी: तेल, धान्य, मीठ, कातडी. मधल्या भागात किरकोळ दुकानं, पेढ्या, औषधांची दुकानं. आणि पूर्वेच्या टोकाला, जिथून डोंगराची वाट सुटते तिथे, उंट-खेचरांच्या धर्मशाळावजा खाणावळी, मोठाल्या अंगणांच्या. म्हणजे माल नदीकडून गावात शिरतो, मध्ये त्याचा भाव ठरतो, पैसे फिरतात आणि दुसऱ्या टोकाने तो जनावरांच्या पाठीवर चढून निघतो. कुणी नगररचनाकाराने आखलेलं नव्हतं हे. रोजच्या ओझ्याने आखलं. मुख्य रस्त्यापासून डोंगराकडे चढणाऱ्या दगडी गल्ल्या आहेत, त्यांत राहती घरं आणि मागची कोठारं.

तेलाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण छिखौचं नाव तेलाने झालं. हे जवसाचं तेल. हथाओत काढलेलं, फोकांच्या विणलेल्या आणि आतून लेप देऊन गळती बंद केलेल्या मोठ्या टोपल्यांतून ते येई. टोपली का? मातीचं मडकं उंटाच्या पाठीवर टिकत नाही आणि लाकडी पिंप जड होतं. टोपली हलकी, धक्का सोसणारी. लोकांच्या तोंडी एक गाणं आहे, त्याचा आशय असा: छिखौच्या रस्त्यात तेलच तेल, टोपल्या रचल्यात सात मजले, दिवसरात्र वाहिलं तरी संपेना, तीन दिवस नेलं नाही तर रस्त्यातून वाहू लागेल. सात मजले ही अतिशयोक्ती आहेच. पण शेवटची ओळ वाहतुकीचा नेमका प्रश्न सांगते. माल येण्याचा वेग जाण्याच्या वेगापेक्षा जास्त आणि ती तूट भरायला वखार.

दुसरी म्हण वाटेवरच्या पुढच्या मुक्कामाला जोडून आहे. डोंगरातून पूर्वेला जाताना वूछंग नावाचं गाव लागे. तिथे पश्चिमेकडून आलेली जनावरं ओझी उतरवत आणि पूर्वेकडची उचलत. लोक म्हणत, वाहून वाहून रितं न होणारं छिखौ आणि भरून भरून न भरणारं वूछंग. परतीच्या वाटेवर हेच तांडे सुती कापड, रेशीम, चहा, चिनी मातीची भांडी, कागद घेऊन येत आणि तो माल पश्चिमतीरावर आणि वायव्येकडे जाई. होड्यांना मात्र परतीची वाट अवघड. प्रवाहाविरुद्ध जायचं तर काठाने माणसांनी दोर खांद्यावर घेऊन ओढायचं. म्हणून कित्येक होड्या छिखौलाच मोडून फळ्यांच्या भावाने विकल्या जात आणि नावाडी पायी घरी जात. झाडं कमी असलेल्या या मुलखात त्या फळ्यांनाही गिऱ्हाईक होतं.

एवढ्या उलाढालीत चांदी बरोबर वाहणं धोक्याचं होतं. शान्शीच्या व्यापाऱ्यांनी त्यावर काढलेला तोडगा आपल्याकडच्या वाचकाला लगेच कळेल, कारण तो हुंडीचाच आहे. एका गावी चांदी भरायची, चिठ्ठी घ्यायची, दुसऱ्या गावी चिठ्ठी दाखवून चांदी घ्यायची. फिंग्याओ इथली रीशंगछांग ही अशी पहिली मोठी पेढी, तिची सुरुवात साधारण १८२३ची धरतात. एकोणिसाव्या शतकात शान्शीच्या पेढ्या चीनभर पसरल्या. ही पैशाची व्यवस्था फिंग्याओ आणि त्याच्या आसपासच्या गावांत उभी राहिली, छिखौत नव्हे. पण तिला लागणारा माल ज्या वाटांनी फिरत होता, त्यांतली एक मोठी वाट इथून जात होती.

गाव बाजारपेठ झालं ते कुणामुळे, याची एक नोंद जुन्या सरकारी गॅझेटियरमध्ये आहे. खांगशी सम्राटाच्या काळात, म्हणजे १६६१ ते १७२२ या राजवटीत, या भागात मोठा दुष्काळ पडला. जवळच्या शीवान गावचे छन सानशी यांनी विचार केला की उत्तरेला धान्य आहे, मधे नदी आहे, मग आणणं अवघड नाही. त्यांनी पदरचे पैसे घालून छिखौला व्यापारी बोलावले, दुकानं मांडायला लावली. होड्या येऊ लागल्या, धान्य आलं आणि लोकांना बाजारात विकत मिळू लागलं. यात परोपकार किती आणि धंद्याची दूरदृष्टी किती, हे वेगळं काढता येत नाही आणि काढायची गरजही नाही. दुष्काळात धान्य आणणाऱ्याला दोन्ही लागतात.

छन घराण्याने कमावलेलं शीवानमध्ये दिसतं. छिखौपासून चालत जाता येईल इतकं जवळचं हे गाव. डोंगराच्या उतारावर तीसहून जास्त वाडे, पाच उभ्या गल्ल्या. गल्ल्यांना धातू, लाकूड, पाणी, अग्नी आणि माती या चिनी पंचतत्त्वांची नावं आणि घराण्याच्या पाच शाखांना एकेक गल्ली. वाड्यांना एकमेकांत उघडणाऱ्या छोट्या दिंड्या आहेत. एका दारातून आत शिरलं की रस्त्यावर न येता अख्खं गाव फिरता येतं. दरोड्याच्या वेळी बायकामुलांना हलवायला ही सोय होती आणि एरवी भाऊबंदांचं येणंजाणं.

छिखौच्या डोक्यावर, टेकडीवर काळ्या ड्रॅगनचं मंदिर आहे. चीनमध्ये ड्रॅगन म्हणजे पाण्याचा आणि पावसाचा देव, युरोपातल्या गोष्टींतला आग ओकणारा राक्षस नव्हे. इथे ड्रॅगनराजाबरोबर वाऱ्याचा देव आणि नदीचा देव बसवले आहेत. नावाड्याला ज्या तिघांची भीती, त्या तिघांचं देऊळ. मंदिर मिंग घराण्याच्या काळातलं (१३६८–१६४४), पुढे छिंग घराण्याच्या काळात (१६४४–१९१२) वाढवलेलं. व्यापाऱ्यांच्या वर्गणीने ते टिकलं.

मंदिराच्या प्रवेशद्वारावरच रंगमंच आहे. येणारा माणूस रंगमंचाखालून आत शिरतो. मंचाचं तोंड गाभाऱ्याकडे, कारण नाटक आधी देवासाठी आणि मग माणसांसाठी. जत्रेत इथे शान्शीचं संगीत नाटक होई, उंच पट्टीतलं, लाकडी टाळीच्या ठेक्यावरचं. आवाज नदीपार जाई म्हणून लोक म्हणतात, गाणं पूर्वतीरावर आणि ऐकणारे पश्चिमतीरावर. दारावरच्या जोडओळीत लिहिलं आहे की हे भरभराटीचं, सुखी माणसांचं छोटं महानगर आहे आणि नदीचा नाद, डोंगरांचा रंग हा इथला मोठा लेख. एका आडवळणी गावाने स्वतःला महानगर म्हणवून घेणं मला बढाई वाटत नाही. त्या काळी तिथे दहा ठिकाणची माणसं, दहा तऱ्हांचं बोलणं आणि दहा तऱ्हांचं खाणं रोज एकत्र येत होतं.

खाणं म्हणाल तर साधं. बकव्हीटच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाचं पातळ मिश्रण वाटीत उकडून घट्ट करायचं, गार झालं की कापून व्हिनेगर, लसूण आणि तिखट घालून खायचं. आणि लाल खजुरासारखे दिसणारे जुजुबे, म्हणजे आपल्या बोराच्या जातीतलं फळ. लिन तालुक्याचा सगळा नदीकाठ जुजुब्याच्या झाडांनी भरला आहे.

मात्र या भागाची सगळ्यात जिवंत कला कुठली विचाराल, तर मी छत्रीवाल्याच्या यांगकचं नाव घेईन. यांगक हा उत्तर चीनमधला सणातला समूहनाच. लिन तालुक्यात त्याचा म्होरक्या एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात खुळखुळणारं कडं घेऊन पुढे चालतो. नववर्षाच्या दिवसांत ताफा दारोदार जातो आणि प्रत्येक दारापुढे तो चार ओळींचं गाणं तिथल्या तिथे रचतो. दुकानदार असेल तर त्याच्या धंद्यावर, नवं लग्न असेल तर त्यावर, कुणी चिक्कू असेल तर तेही गोड करून. यमक चुकवायचं नाही, थांबायचं नाही. दोन ताफे समोरासमोर आले की म्होरक्यांची सवालजवाबी जुंपते. चीन सरकारच्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत याची नोंद आहे. पण यादीपेक्षा मोठी गोष्ट ही की गावकरी अजून चांगल्या म्होरक्याला नावाने ओळखतात.

पेठेला उतरती कळा लागली ती हळूहळू. १९२३ मध्ये पेकिंगहून निघालेली रेल्वे हथाओच्या तोंडाशी, बाओथौला पोचली. ज्या मालाला आधी होडी, मग वखार, मग उंट लागत होता, तो आता थेट डब्यात चढला. खळाळ तिथेच होता, पण त्याच्यापर्यंत येण्याची गरज संपली. १९३८ पासून जपानी फौजांनी गावावर हल्ले केले. युद्धाच्या वर्षांत मीठ, कापूस, औषधं यांची ने-आण करत कम्युनिस्टांच्या ताब्यातल्या मुलखासाठी पेठ काही काळ पुन्हा उपयोगी पडली आणि मार्च १९४८ मध्ये माओ त्सेतुंग पश्चिमतीर सोडून नदी ओलांडून आले ते याच भागात. पुढे खासगी व्यापारच बंद झाला, मोटाररस्ते दुसरीकडून गेले.

गाव वाचलं, याचं कारण दुर्दैवाने गरिबी आहे. पाडून नवं बांधायला कुणाकडे पैसा नव्हता. १९८९ मध्ये चित्रकार वू ग्वानचोंग या भागात आले आणि जवळचं लीच्याशान गाव पाहून थक्क झाले. छिंगह्वा विद्यापीठातले वास्तुइतिहासकार छन चिह्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गावांचा घराघराचा अभ्यास केला. २००५ मध्ये छिखौ राष्ट्रीय ऐतिहासिक गावांच्या यादीत आलं. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने २००६ च्या धोक्यातल्या वारशांच्या यादीत ते घेतलं आणि त्याच वर्षी जुन्या इमारतींना राष्ट्रीय संरक्षण मिळालं.

संरक्षणाचा खरा प्रश्न इथे जरा वेगळा आहे. एखादा राजवाडा असता तर भिंती आणि छप्पर सांभाळलं की झालं. छिखौत भिंतीपेक्षा संबंध महत्त्वाचे: धक्का आणि वखार यांतलं अंतर, वखार आणि गल्लीची चढण, ओसरीची उंची आणि जनावराची पाठ. सगळ्या दुकानांत एकसारखे लाल कंदील आणि एकसारख्या भेटवस्तू आल्या, तर इमारती उभ्या राहूनही हे संबंध वाचता येईनासे होतात. चीनमधल्या बऱ्याच नदीकाठच्या जुन्या गावांत तसं झालंच आहे. तरुण मुलं कामाला शहरात जातात, गुहाघरात म्हातारी माणसं उरतात. आणि गुहाघराला राहतं माणूस लागतं. चूल पेटली नाही, छपरावरची माती दाबली नाही, तर ओल धरून कमान फुगते.

पाहायला जाणार असाल तर सुरुवात पेठेतून करू नका. आधी संगमावर जा आणि पात्र कुठे आवळलं आहे ते बघा. शक्यतो पावसाळ्यानंतर, पाणी भरपूर असताना. मग पश्चिमेच्या वखारींकडून पूर्वेच्या उंटांच्या खाणावळींपर्यंत, म्हणजे माल गेला त्याच दिशेने चाला. मंदिरात त्यानंतर चढा. शीवान दुपारी होतं. लीच्याशानसाठी वेगळा दिवस ठेवा, कारण ते डोंगराच्या घळीत आहे आणि एका घराचं छप्पर हेच वरच्या घराचं अंगण अशी त्याची रचना आहे. खालून वर नीट चढलात तरच ती कळते आणि ती घरं उंटांच्या धंद्यावर कमावलेल्या पैशातून बांधली हे माहीत असेल, तर तिथली अंगणं एवढी मोठी का आहेत हे कुणाला विचारावं लागत नाही.